२५ वर्षांचा सोहळा करायचाय? आधी बाहेर पडायची दारं मोजा

प्रश्न थोडक्यात असा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर आणि शेती औजारांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मुलगा सांभाळतो. दुकानाला २५ वर्षं होताहेत, म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हायस्कूलच्या मैदानावर दहा हजार लोकांचा शेतकरी मेळावा घ्यायचा आहे. रात्री मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, टीव्ही मालिकेतली एक अभिनेत्री, प्रवेश मोफत, आणि वर्षभरात खरेदी केलेल्या गिऱ्हाइकांतून सोडत काढून एक ट्रॅक्टर बक्षीस. मैदान २०० बाय ३०० फूट. तयारी २५ लाखांची, हातात साडेतीन महिने. शेवटी विचारलंय, "सुरुवात कुठून करू? अभिनेत्रीची तारीख आधी धरून ठेवू का?"

नको. तारीख धरलीत की तुम्ही बयाणा देणार, बयाणा दिला की जाहिरात करणार, आणि जाहिरात झाली की मैदान छोटं पडतंय हे कळूनही मागे फिरता येणार नाही. आमचा मूळ धंदा मंडपाचा. शाळकरी वयापासून मी बांबू उचललेत, आणि गेली बावीस वर्षं कंपन्यांचे, दुकानांचे, पतसंस्थांचे मोठे कार्यक्रम उभे करतोय. एवढ्या वर्षांत जे फसलेले कार्यक्रम पाहिले, त्यांतले बहुतेक कलाकारापासून सुरू झाले होते. जे नीट पार पडले, ते मैदानापासून सुरू झाले होते.

म्हणून आधी मैदानाचा हिशोब करू. २०० बाय ३०० म्हणजे ६० हजार चौरस फूट. त्यात स्टेज आलं, स्टेजमागची तयारीची जागा आली, स्टेजपुढची मोकळी डी, म्हणजे अर्धगोल रिकामी जागा आली, साउंडवाल्याचा कन्सोल, जनरेटर, पाणी, शौचालयं आणि अग्निशमन गाडीला आत यायची वाट आली. साधारण तिसरा हिस्सा यातच जातो. उरले ४० हजार. मधल्या वाटांसकट एका खुर्चीला सात ते आठ चौरस फूट धरले, तर पाच-साडेपाच हजार खुर्च्या बसतात. तुमचे दहा हजार या मैदानात मावतच नाहीत. "बाकीचे मागे उभे राहतील" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चारपर्यंत माणसं असली तर माणूस स्वतःच्या पायांवर चालू शकतो. पाच-सहाच्या वर गेली की तो गर्दीबरोबर वाहायला लागतो, आणि मग त्याच्या हातात काही राहत नाही. चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवून मरतात असा आपला समज असतो. खरं म्हणजे बरीच माणसं उभ्याउभ्याच, छाती दाबून श्वास कोंडल्यामुळे जातात. त्यामुळे आरडाओरडही फारसा होत नाही आणि स्टेजवर कळतसुद्धा नाही.

आता दारं. लोक तासा-दीड तासात हळूहळू येतात, पण जाताना सगळे एकदम उठतात. एक मीटर रुंद, मोकळ्या, सपाट वाटेतून मिनिटाला ऐंशीच्या आसपास माणसं जातात असं स्टेडियमच्या आखणीत धरतात. आपल्याकडे कडेवर पोर, हातात पिशवी, बरोबर म्हातारी आई, म्हणून मी साठच धरतो. साडेपाच हजार माणसं आठ मिनिटांत बाहेर काढायची तर मिनिटाला जवळपास सातशे जायला हवीत. म्हणजे साडेअकरा मीटर, अडतीस फूट दार लागेल. दहा-दहा फुटांची चार दारं, तीही चार वेगळ्या बाजूंना. हायस्कूलच्या मैदानाला बहुतेक एक लोखंडी गेट आणि एक दिंडी दरवाजा असतो. एका गावी आम्ही शाळेच्या संस्थेशी लेखी बोलून मागच्या कंपाउंडची बारा फूट भिंत उतरवली आणि कार्यक्रमानंतर चार दिवसांत गिलाव्यासकट बांधून दिली. त्या भिंतीला लागलेले पैसे त्या कार्यक्रमातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च होता असं मी आजही मानतो.

हे इतकं ताणून का सांगतोय, त्याचं कारण अजून माझ्या डोळ्यांपुढून हटलेलं नाही. सुरुवातीच्या काळात एका दुकानाच्या वर्धापनदिनाचं काम माझ्याकडे होतं. मालकांनी ऐनवेळी ठरवलं की येणाऱ्या प्रत्येक महिलेला स्टीलचा डबा द्यायचा. डबे गेटजवळच्या टेंपोत होते. निवेदकानं माइकवरून "जाताना भेटवस्तू घ्यायला विसरू नका, स्टॉक मर्यादित आहे" असं सांगितलं, आणि अर्धं मैदान कार्यक्रम सोडून त्या एका गेटकडे वळलं. बाहेरून येणारे आत ढकलत होते, आतले बाहेर. आम्ही टेंपो पुढे काढला आणि कडेच्या बॅरिकेडची दोरी कापली, तेव्हा कोंडी सुटली. जीव कुणाचा गेला नाही. पण एका बाईच्या मनगटात बांगडीची काच रुतली होती, आणि गर्दी पांगल्यावर त्या गेटपाशी आम्ही दोन गोण्या भरून चपला गोळा केल्या. त्यात पोरांच्या होत्या. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही कार्यक्रमात मैदानावर काहीही वाटलं जात नाही, आणि निवेदकाच्या हातात माझ्याकडून आलेल्या कागदाशिवाय एकही घोषणा जात नाही.

मोफत वाटपाचा इतिहास वाईट आहे. लखनौमध्ये २००४ साली साडीवाटपात वीसहून जास्त बायका दगावल्या. तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत फेब्रुवारी २०२३ मध्ये एका खासगी वाटपाचे नुसते टोकन घेताना चार बायका गेल्या. आणि ४ जून २०२५ ची बेंगळुरूची घटना तर तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल. चिन्नास्वामी स्टेडियमची क्षमता साधारण ३५ हजार. सोशल मीडियावरून सगळ्यांना बोलावणं गेलं, मोफत पासांबद्दल गोंधळ झाला, लाखोंनी लोक आले आणि बंद गेटांपुढे ११ जण मेले. तो शेवटी आयपीएल जिंकल्याचा सोहळा होता, सगळे आनंदानं आलेले. बोलावणं किती जणांना गेलं आणि दारं किती जणांना पुरतील, या दोन आकड्यांत जे अंतर होतं त्यात ते लोक सापडले. तुमच्या कार्यक्रमात हे अंतर आज दुपटीचं आहे.

मग दहा हजार लोकांचं काय करायचं? मी त्यांना दिवसभरावर पसरवीन. मोशीला किसान प्रदर्शन भरतं ते आठवा. लोक दिवसभर येतात, बघतात, जातात. एकाच वेळी सगळे खुर्च्यांवर बसलेले नसतात. तुमचा माल औजारं आहे. बाजार समितीच्या आवारात किंवा कुणाच्या मोकळ्या पडीक रानात सकाळी नऊ ते चार प्रात्यक्षिकं ठेवा. रोटाव्हेटर, पल्टी नांगर, उसातली भर लावायचं यंत्र. जुन्या ट्रॅक्टरची मोफत तपासणी ठेवा. शेतकरी औजाराला हात लावून, मेकॅनिकशी बोलून विकत घेतो. ऑर्केस्ट्रा ऐकून कुणी ट्रॅक्टर घेतल्याचं मला माहीत नाही. संध्याकाळचा कार्यक्रम पाच हजार पासांचा ठेवा, पासाशिवाय प्रवेश नाही, आणि बाकीच्यांसाठी यूट्यूबवर आणि गावच्या केबलवर थेट दाखवा.

पास मैदानाच्या क्षमतेपेक्षा कमीच छापा. "मोफत पासावर सगळे थोडेच येतात, जास्त छापू" हा सल्ला तुम्हाला प्रिंटिंगवाल्यापासून सगळे देतील. तो ऐकू नका. अभिनेत्री टीव्हीवरची असली की सगळेच येतात, आणि शेजाऱ्याला घेऊन येतात. पास गावनिहाय करा, चार गेटांचे चार रंग, त्यावर नंबर. सर्व्हिस बुकमधून गिऱ्हाइकांची यादी काढून पास तुमच्या माणसानं घरी नेऊन द्यावा. पंचवीस वर्षांत ज्यांनी तुमच्याकडून घेतलं त्यांच्या दारात तुमचा माणूस गेला, यातच निम्मा सोहळा झाला. आणि तालुकाभर लावायच्या फ्लेक्सवर अभिनेत्रीच्या फोटोइतक्याच मोठ्या अक्षरांत "प्रवेश फक्त पासवर" हे असलं पाहिजे.

ट्रॅक्टरच्या सोडतीबद्दल मला जास्त काळजी वाटते. खरेदीला जोडलेली सोडत ही कायद्याच्या दृष्टीनं साधी गोष्ट नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये विक्री वाढवण्यासाठी ठेवलेली लॉटरी किंवा नशिबाचा खेळ अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येत येतो, शिवाय राज्याचा लॉटरीचा वेगळा कायदा आहे. वकिलाला दाखवल्याशिवाय पत्रिकेवर एक अक्षर छापू नका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रात्री साडेनऊला ट्रॅक्टरची सोडत म्हणजे सगळी गर्दी शेवटच्या मिनिटापर्यंत स्टेजकडे तोंड करून दाटीनं उभी. लोकांनी टप्प्याटप्प्यानं निघावं असं आपल्याला वाटतं, आणि सोडत त्यांना बांधून ठेवते. तेच पैसे जुन्या गिऱ्हाइकांच्या मोफत सर्व्हिसिंगवर घाला.

तारीख बदला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बारावीची परीक्षा सुरू होते. हायस्कूल परीक्षा केंद्र असेल तर मैदान मिळणार नाही, आणि मिळालं तरी पोरांच्या अभ्यासाच्या दिवसांत स्पीकर लावून तुम्ही गावाचा दुवा घेणार नाही. जानेवारीच्या मध्यावरचा शनिवार बघा. २६ जानेवारीचा आठवडा टाळा, पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात. लग्नाचे मुहूर्त पंचांगात पाहा, कारण मोठ्या तिथीला तालुक्यात ना खुर्ची मिळते ना जनरेटर. गावचा आठवडी बाजार आणि शेजारच्या गावांच्या जत्रा पाहा. आणि तुमच्या भागात ज्याकडे बाहेरचा इव्हेंटवाला कधीच बघत नाही ते बघा: गळीत हंगाम. जानेवारीत रात्री रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो, कित्येकांना मागे लाल कापडसुद्धा नसतं. पाच हजार माणसं मोटरसायकलींवर त्याच रस्त्यानं रात्री दहाला घरी जाणार. कारखान्याच्या शेती खात्याला महिनाभर आधी भेटून त्या रात्री नऊ ते अकरा त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवता किंवा वळवता येते का ते विचारा. शिवाय कुठल्या फीडरला त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे ते महावितरणच्या ऑफिसात बघून घ्या. रात्रपाळी असलेल्या गावातली माणसं पाणी धरायला आठलाच उठणार. त्यांना तुमचं भाषण नको असतं, मोकळी वाट हवी असते.

परवानग्या लांबलचक वाटतात, पण क्रम समजला की अवघड नाहीत. आधी मैदानाच्या मालकाचं संमतिपत्र, कारण त्याशिवाय पुढचा कुणीच अर्ज घेत नाही. मग पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा, सोबत दारं आणि पार्किंग दाखवणारा नकाशा. स्पीकरची परवानगी वेगळी. नगरपालिकेचा आणि अग्निशमनचा ना हरकत दाखला, स्टेजच्या भक्कमपणाचा दाखला, तात्पुरत्या वायरिंगसाठी विद्युत निरीक्षकाची तपासणी. गाण्यांसाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचं लायसन्स, आणि रेकॉर्ड वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं वेगळं. नाटुकलं किंवा लावणी ठेवणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा दाखला लागतो, तो ऑर्केस्ट्रावाल्याकडे आहे का ते विचारा. सगळे अर्ज किमान महिनाभर आधी जाऊ द्यात. शाळेच्या आसपासचा भाग शांतता क्षेत्र घोषित आहे का हे पोलिसांकडून लेखी घ्या, तोंडी नको.

स्पीकर रात्री दहाला बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं, पण ते दिवस सणांचे असतात, आपल्या दुकानाच्या वाढदिवसाचे नाहीत. रात्रभर रंगणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवानंसुद्धा आपलं वेळापत्रक या नियमात बसवून घेतलं. म्हणून वेळ शेवटाकडून मागे मोजत या. साडेनऊला शेवटचं गाणं, म्हणजे दहापर्यंत मैदान रिकामं. ऑर्केस्ट्रा सव्वासातला सुरू. त्याआधी दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं मिळून चाळीस मिनिटं. आमदार साहेब उशिरा आले तर? ते येतील तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटं द्यायची, कार्यक्रम अडवायचा नाही. हे त्यांच्या स्वीय सहायकाला आधीच प्रेमानं सांगून ठेवा, बहुतेक वेळा ते समजून घेतात. पत्रिकेवरच्या नावांचा क्रम मात्र वडिलांनाच ठरवू द्या. गावातले मान-अपमान त्यांना जितके कळतात तितके तुम्हाला आणि मला कळणार नाहीत. आणि शाल-श्रीफळाचा पहिला मान तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाला आणि सगळ्यात जुन्या मेकॅनिकला द्या. स्टेजसमोर टाळ्या कशाला पडतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय, यालाच पडतात.

पैशाचं मी असं करीन. २५ लाखांपैकी कलाकार आणि ऑर्केस्ट्रा मिळून सातच्या वर नाही. मानधनाचा आकडा ऐकताना त्यावर जीएसटी, गाडी, हॉटेल, अभिनेत्रीबरोबरची चार माणसं धरली आहेत का ते विचारा. स्टेज, मंडप, खुर्च्या, लाइट, साउंड, एलईडी पडद्याला आठ. गर्दी आणि सुरक्षेला चार, म्हणजे बॅरिकेड, सुरक्षारक्षक, दोन रुग्णवाहिका, पाणी, शौचालयं, तृतीय पक्षाचा विमा. प्रसिद्धी आणि पास घरपोच करण्याला अडीच. परवानग्या, भाडी, फी यांना एक. उरलेले अडीच लाख बाजूला काढून ठेवा आणि ते कुणाला सांगू नका. पैसे कमी पडले तर कलाकार बदला, तिसऱ्या नंबरच्या चार लाखांना हात लावू नका.

मंडपाबाबत दोन गोष्टी स्वतः डोळ्यांनी बघा, कारण हा माझा धंदा आहे आणि यात कुठे हात आखडता घेतात ते मला माहीत आहे. पहिली, कापड. १९९५ मध्ये हरियाणात डबवालीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात कृत्रिम कापडाचा मंडप पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात पोरं कितीतरी. संध्याकाळच्या कार्यक्रमाला प्रेक्षकांवर छत लागतच नाही, आभाळ मोकळं ठेवा. जानेवारीत दव पडतं, तेवढ्यासाठी खुर्च्या पुसायला दहा पोरं लावली की झालं. स्टेजच्या झालरीखाली, जिथे सगळ्या वायरी जातात, तिथे सुका कचरा राहू देऊ नका आणि दोन्ही बाजूंना अग्निशामक सिलिंडर ठेवा. दुसरी गोष्ट, वारा. स्टेजमागचा अखंड फ्लेक्स शिडासारखा वारा धरतो. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात होर्डिंग कोसळून १७ जण गेले. तुमचा फ्लेक्स तेवढा नसेल, पण त्याच्याखाली तुमचे वडील बसलेले असतील. ट्रसच्या, म्हणजे स्टेजच्या धातूच्या सांगाड्याच्या चारही पायांना वजन बांधलंय का, ताण दोऱ्या आहेत का, ते हातानं ओढून बघा. जनरेटर दोन हवेत, चालू जनरेटरमध्ये डिझेल ओतायचं नाही, आणि चालायच्या वाटेत वायर उघडी दिसली तर ती पुरल्याशिवाय गेट उघडायचं नाही.

पाणी माणशी एक लिटर धरा, म्हणजे पाच हजारांना २० लिटरचे अडीचशे जार. ते एका जागी नकोत, सहा ठिकाणी ठेवा. बायकांची शौचालयं पुरुषांपेक्षा जास्त आणि उजेडात. स्वयंसेवक म्हणून तुमच्या वर्कशॉपची मुलं आणि गावातल्या एखाद्या जुन्या गणपती मंडळाचे कार्यकर्ते घ्या. दोरी धरून गर्दीला वाट करून देणं त्यांच्या अंगात असतं, भाड्याच्या सुरक्षारक्षकाला ते येत नाही. बायकांच्या बाजूला बायकाच हव्यात. प्रत्येकाला एकच काम: तू गेट तीन, तू पाण्याचा दोन नंबर. गेटवरच्या माणसानं कार्यक्रम संपेपर्यंत स्टेजकडे तोंड करायचं नाही. आणि कार्यक्रम थांबवायचा अधिकार एकाच माणसाला द्या. तो मालक नको, कारण मालकाचा हात त्या क्षणी धजत नाही. निवेदकाच्या खिशात आधीच लिहिलेली चिठ्ठी ठेवा: "आपण पाच मिनिटं थांबतोय. सगळ्यांनी आहे तिथेच बसा. उजव्या हाताची मंडळी आधी, पिवळ्या गेटनं निघतील." माझ्याकडे ती चिठ्ठी आजवर दोनदा वाचली गेली. दोन्ही वेळा लोकांनी ऐकलं, कारण आवाज घाबरलेला नव्हता आणि पिवळं गेट उघडं होतं.

आता तुम्ही विचारलंत त्याकडे येतो. अभिनेत्रीला अजून फोन करू नका. या रविवारी संध्याकाळी सात वाजता, अंधार पडल्यावर, मैदानावर जा. बरोबर शंभर फुटी टेप, वडील आणि तुमचा सगळ्यात जुना मेकॅनिक. गेटांची रुंदी मोजा, भिंत कुठे उतरवता येईल ते बघा, गेटबाहेर रस्ता किती रुंद आहे, गटार उघडं आहे का, वरून विजेच्या तारा जातात का, शंभर मोटरसायकली कुठे लागतील आणि दोन हजार कुठे, ते कागदावर उतरवा. मग शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून जानेवारीतल्या दोन तारखा विचारा. तो कागद आणि त्या दोन तारखा मला कळवा, दारांचा नकाशा मी काढून देतो.